वाचक विचारतात : घरात सुधारक, शेजारी फौजदार

मागच्या अंकात वुड्रो विल्सनवर एक छोटा लेख आला होता. त्यात म्हटलं होतं की पीएचडी केलेला अमेरिकेचा हा एकमेव प्रेसिडेंट, सुधारणावादी, जगाला शांतीची चौदा कलमं देणारा, आणि याच्याच काळात अमेरिकन मरीन (नौदलाबरोबरचे लढाऊ सैनिक) शेजारच्या देशांत वारंवार उतरले, म्हणून याला साम्राज्यवादी म्हणायला हरकत नाही. बस, एवढ्यावर पत्रांचा आणि मेसेजेसचा पाऊस पडला. अर्धे म्हणतात अन्याय केलात, अर्धे म्हणतात फार सौम्य लिहिलंत. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, त्यामुळे निवडक प्रश्न घेतेय, थोडी काटछाट करून.

प्रश्न : ताई, मी बँकेत आयुष्य काढलं. फेडरल रिझर्व्ह ज्याने उभी केली, कामगारांना आठ तास दिले, त्या माणसाला साम्राज्यवादी म्हणणं मनाला पटत नाही. एकच माणूस दोन्ही कसा असेल?
(निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

उत्तर : काका, आधी तुमच्या बाजूचं सगळं मान्य करून टाकते. फेडरल रिझर्व्हचा कायदा डिसेंबर १९१३ चा, म्हणजे खुर्चीत बसून वर्षही झालं नव्हतं. पुढच्या वर्षी मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध क्लेटन कायदा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला फेडरल ट्रेड कमिशन. १९१६ ला रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस, त्याच वर्षी बालमजुरीविरुद्ध कायदा (तो कोर्टाने १९१८ मध्ये उडवला, त्यात याचा दोष नाही), आणि त्याच वर्षी लुई ब्रँडाइसना सुप्रीम कोर्टात नेमलं, तिथले पहिले ज्यू न्यायाधीश, बड्या कंपन्यांचे जुने वैरी, त्यांच्या नेमणुकीवरून केवढा गदारोळ झाला होता. हे सगळं खरंय आणि छोटं नाहीये.

पण तुम्ही म्हणता तसा "दोन्ही कसा" हा प्रश्न मला पडतच नाही, कारण मला ती दोन वेगळी माणसं दिसत नाहीत, एकच दिसतो. त्या काळचा सुधारक काय मानायचा बघा: पुढारी भ्रष्ट आहेत, त्यांना हटवा, त्यांच्या जागी शिकलेली, स्वच्छ, तज्ज्ञ माणसं बसवा, हिशोब नीट ठेवा, रस्ते-दवाखाने बांधा, लोक आपोआप सुधारतील. न्यू जर्सीचा गव्हर्नर असताना विल्सनने पक्षातल्या दादा लोकांशी हेच केलं आणि वाहवा मिळवली. मग प्रेसिडेंट झाल्यावर तोच चष्मा लावून तो मेक्सिको, हैती, डोमिनिकन रिपब्लिककडे बघायला लागला. तिथलेही पुढारी भ्रष्ट, हटवा. तिथलेही हिशोब गोंधळाचे, आपली माणसं बसवा. मुळात मास्तर माणूस, प्रिन्स्टनचा प्रमुख होता आधी, त्यामुळे शेजारी देश म्हणजे जणू मागच्या बाकावरची दंगेखोर पोरं. एका ब्रिटिश पाहुण्याला त्याने सांगितल्याची नोंद आहे की मी दक्षिण अमेरिकेतल्या प्रजासत्ताकांना चांगली माणसं निवडून द्यायला शिकवणार आहे.

फरक एकच, पण तोच खरा मुद्दा. न्यू जर्सीच्या लोकांना त्याची सुधारणा आवडली नाही तर पुढच्या इलेक्शनला घरी पाठवायची सोय होती. हैतीच्या माणसाला ती सोय नव्हती. ज्याला तुम्ही मत देऊ शकत नाही, ज्याला कोर्टात खेचू शकत नाही, असा सुधारक आणि राज्यकर्ता साहेब यात मला तरी फरक सांगता येत नाही.

आणि "बाहेर" म्हणजे फक्त समुद्रापलीकडे असंही नाही हं. १९१३ पासून याच्याच मंत्र्यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी ऑफिसांत काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. विल्यम मन्रो ट्रॉटर नावाचे काळे संपादक १९१४ च्या नोव्हेंबरात शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला गेले, तर याने त्यांच्या बोलण्याच्या टोनवरूनच वाद घातला आणि भेट संपवली. मत देता येणाऱ्यांसाठी सुधारणा, बाकीच्यांसाठी शिस्त, असं घरातही चालू होतंच.

प्रश्न : मॅम, आमच्या कॉलेजात वादविवाद आहे. थिओडोर रूझवेल्ट जास्त साम्राज्यवादी की विल्सन? मला विल्सनची बाजू मिळालीय, म्हणजे तो कमी होता हे सिद्ध करायचंय. हेल्प करा प्लीज.
(टी.वाय.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : अगं तुला सोपी बाजू मिळालीय, निदान पहिली पाच मिनिटं तरी. रूझवेल्ट लपवाछपवी करायचाच नाही. १९०३ मध्ये कोलंबियाने कालव्याचा करार नाकारला तर तेव्हा कोलंबियाचाच भाग असलेल्या पनामात बंड झालं, अमेरिकन युद्धनौकांनी कोलंबियाचं सैन्य अडवलं, आणि काही दिवसांत नव्या देशाला मान्यता. १९०४ च्या डिसेंबरात तर लेखीच देऊन टाकलं की पश्चिम गोलार्धात कुणी सतत नीट वागत नसेल तर आम्ही पोलिसाचं काम करू. आपल्यासाठी आणखी एक, जानेवारी १९०९ मध्ये वॉशिंग्टनला मेथडिस्ट मिशनवाल्यांच्या कार्यक्रमात त्याने भारतातल्या ब्रिटिश राज्याचं तोंडभरून कौतुक केलं. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा. आणि हाच माणूस १९१२ मध्ये चक्क प्रोग्रेसिव्ह नावाची पार्टी काढून विल्सनच्या विरोधात उभा राहिला, स्त्रियांना मत, आजारपणाचा विमा, सगळं जाहीरनाम्यात.

विल्सनच्या बाजूने तू हे सांग: ऑक्टोबर १९१३ ला अलाबामातल्या मोबील शहरात त्याने जाहीर केलं की अमेरिका यापुढे जिंकून एक फूटही जमीन घेणार नाही. कोलंबियाशी करार केला, खेद व्यक्त करून अडीच कोटी डॉलर भरपाई द्यायची, यावर रूझवेल्ट इतका भडकला की विचारू नको (सिनेटने तो करार १९२१ पर्यंत अडवला आणि खेदाचं वाक्य काढून टाकलं). १९१६ च्या जोन्स कायद्याने फिलिपीन्सला, स्थिर सरकार झालं की स्वातंत्र्य देऊ, असं लेखी वचन दिलं.

आता समोरची पार्टी हुशार असेल तर विचारेल की "स्थिर" कोण ठरवणार? तिथे तुझी पंचाईत होणारे. आणि १९१७ ला डेन्मार्ककडून व्हर्जिन आयलंड्स अडीच कोटी डॉलरला विकत घेतली ते पण काढतील. जिंकून नाही, विकत घेतली, एवढं म्हणून वेळ मारून ने. तिथल्या लोकांना काही अमेरिकेने विचारलं नव्हतं पण ते तू होऊन सांगू नकोस, तुझी बाजू आहे शेवटी.

प्रश्न : हैतीबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत. नक्की काय झालं होतं? आणि हे सगळं बँकांसाठी होतं का, सरळ सांगा.
(गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : सरळ सांगायचं तर बँकांसाठी पण होतं. पण फक्त बँकांसाठी म्हटलं की विल्सन स्वतः त्यातून सुटतो, तो काही शेअर घेऊन बसला नव्हता. म्हणून जरा सविस्तर.

१७ डिसेंबर १९१४. भर दिवसा अमेरिकन मरीन पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये उतरतात, हैतीच्या राष्ट्रीय बँकेत जातात, पाच लाख डॉलरचं सोनं बाहेर काढतात, बंदरावर नेऊन माचायस नावाच्या गनबोटीवर चढवतात आणि ते सोनं न्यूयॉर्कला नॅशनल सिटी बँकेच्या तिजोरीत जाऊन पोचतं. युद्ध नाही, जप्तीचा हुकूम नाही, काही नाही. या हैतीच्या बँकेत नॅशनल सिटीचाच हिस्सा होता आणि त्यांच्या व्हाइस प्रेसिडेंटचं परराष्ट्र खात्यात चांगलं वजन होतं. गंमत म्हणजे तेव्हा परराष्ट्रमंत्री कोण, तर विल्यम जेनिंग्ज ब्रायन, म्हणजे १९०० ची निवडणूक ज्याने साम्राज्यवादाच्या विरोधात लढवली तोच.

नंतर जुलै १९१५. हैतीचा प्रेसिडेंट साम याच्या माणसांनी तुरुंगातल्या १६७ राजकीय कैद्यांची कत्तल केली, चिडलेल्या जमावाने त्याला फ्रेंच वकिलातीतून ओढून काढून मारलं, आणि २८ जुलैला मरीन उतरले. म्हणजे तिथे काही सगळं आलबेल होतं आणि हे उगाच घुसले असंही नाही, हे सांगायला हवं. युरोपात युद्ध चालू होतं, जर्मनी तिथे पाय रोवेल ही भीती पण होती. पण विल्सनने त्याच आठवड्यात आपल्या नव्या परराष्ट्रमंत्र्याला, लॅन्सिंगला, काय लिहिलं बघा: आपण जे करायला हवं असं दिसतंय ते करायचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही अशी मला भीती वाटते, पण सुव्यवस्था आणण्यावाचून इलाज नाही, अशा अर्थाचं. माझ्या मते सगळा विल्सन या एका पत्रात आहे. अधिकार नाही हे माहितीये, तरी करायचं, कारण हेतू चांगला आहे.

उतरले ते १९ वर्षं राहिले. जकात ताब्यात, तिजोरी ताब्यात. जुन्या घटनेप्रमाणे परदेशी माणसाला हैतीत जमीन घेता येत नव्हती (गुलामगिरी मोडून स्वतंत्र झालेला देश, त्यांना त्या कलमाचं मोल काय असेल विचार करा), अमेरिकेला ते कलम नको होतं. १९१७ मध्ये तिथल्या संसदेने नवी घटना मंजूर करायला नकार दिला तर अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पोलिसांनी संसदच बरखास्त करून टाकली. मग १९१८ ला बंदुकांच्या देखरेखीखाली सार्वमत. होकार ९८,२२५, नकार ७६८. असे आकडे कुठल्या निवडणुकीत येतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

रस्ते बांधले, हे खरंय, विल्सनचे समर्थक आजही सांगतात. कसे बांधले ते सांगत नाहीत. एक जुना विसरलेला वेठबिगारीचा कायदा उकरून काढला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना पकडून कामाला जुंपलं, पळाला तर गोळी. त्यातून उठाव झाला, नेता शार्लमान पेराल्त, जमीनदार घरातला, आधी सैन्यात अधिकारी. त्याला अटक करून कॅप हैतियनच्या रस्त्यांवर कैद्याच्या कपड्यात झाडू मारायला लावला होता, तिथून तो निसटला आणि डोंगरात हजारो माणसं जमवली. १९१९ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री एक मरीन अधिकारी तोंडाला काळं फासून, हैतीयन बनून त्याच्या छावणीत शिरला आणि त्याला गोळ्या घातल्या. मग प्रेत एका दाराला बांधून उभं केलं, फोटो काढला आणि त्याच्या प्रती देशभर वाटल्या, की बघा, संपला. झालं उलटंच. उघडं अंग, कमरेला फडकं, मान कलंडलेली, मागे झेंड्याची काठी, कॅथलिक देशात लोकांना तो क्रुसावरचा येशूच दिसला. आज हैतीत तो राष्ट्रीय वीर आहे.

किती मेले? मरीन कोअरचे नुकतेच पायउतार झालेले प्रमुख जनरल बार्नेट यांनी १९२० मध्ये ३,२५० हा आकडा दिला. आणि हे सगळं निस्तरणाऱ्यांतला एक, स्मेडली बटलर, ज्याला मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ आणि हैती दोन्हींसाठी सर्वोच्च पदक मिळालं होतं, त्याने १९३५ मध्ये लिहिलं की मी नॅशनल सिटी बँकेच्या पोरांना वसुलीसाठी हैती आणि क्युबा नीटनेटकं करून दिलं. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा त्यानेच दिलेलं बरं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, प्रिन्स्टन जवळच. मुलीच्या शाळेत विल्सन म्हणजे "आयडिअलिस्ट" एवढंच शिकवतात, मेक्सिकोचा उल्लेख पण नाही. तुम्ही थोडक्यात सांगाल का, तिला वाचून दाखवेन, मराठी वाचनही होईल.
(आयटी इंजिनिअर, एडिसन)

उत्तर : तिला टँपिकोची गोष्ट सांगा, मुलांना आवडेल, वेडेपणा आहे नुसता. मेक्सिकोत १९१३ ला जनरल हुएर्ताने निवडून आलेल्या मादेरोला हटवलं, मादेरोचा खून झाला, आणि विल्सनने ठरवलं की खुन्याच्या सरकारला मान्यता देणार नाही. इथपर्यंत टाळ्या. पुढे ९ एप्रिल १९१४ ला टँपिको बंदरात काही अमेरिकन खलाशी होडीतून पेट्रोल आणायला गेले, मनाई असलेल्या ठिकाणी उतरले, मेक्सिकन शिपायांनी पकडलं, थोड्याच वेळात वरच्या अधिकाऱ्याने सोडलं, माफी पण मागितली. पण अमेरिकन अ‍ॅडमिरल म्हणाला माफी पुरत नाही, आमच्या झेंड्याला २१ तोफांची सलामी द्या. हुएर्ता म्हणाला देतो, पण तुम्ही पण आमच्या झेंड्याला सलामी द्या. यावर विल्सन म्हणतो छे, तुमच्या सरकारला आम्ही सरकार मानतच नाही! म्हणजे जे सरकार अस्तित्वातच नाही त्याच्याकडून सलामी पाहिजे. आणि त्यावरून प्रकरण पार अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं.

तेवढ्यात हुएर्तासाठी शस्त्रं घेऊन एक जर्मन जहाज येतंय अशी खबर आली, म्हणून २१ एप्रिलला व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेतलं. विल्सनला वाटलं होतं लोक स्वागत करतील. नेव्हल अकॅडमीची पोरं खिडक्यांतून गोळ्या झाडत होती. विसेक अमेरिकन, शंभरावर मेक्सिकन मेले. ज्या बंडखोर नेत्या कारांझाला हुएर्ताविरुद्ध मदत व्हावी म्हणून एवढं केलं त्यानेच निषेध केला. आणि ते जहाज? दुसऱ्या बंदरावर जाऊन शस्त्रं उतरवून आलं. मुलीला विचारा यात आदर्शवाद कुठला आणि अहंकार कुठला, ती नीट सांगेल.

बाय द वे, तुमच्या शेजारच्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीने जून २०२० मध्ये आपल्या पब्लिक पॉलिसीच्या स्कूलवरून विल्सनचं नाव काढलं. मेक्सिको-हैतीसाठी नाही हं, वर्णभेदासाठी. आणि मेक्सिकोचा विषय निघालाच आहे तर आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंचं पण सांगा तिला, ओरेगॉनमध्ये शेतकी शिकले, गदरच्या कामात पडले, अनेक देश फिरून विसाच्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवत मक्यावर काम केलं. तो वेगळा लेख आहे खरंतर.

प्रश्न : लोकमान्यांनी विल्सनला पत्र लिहिलं होतं असं आजोबा सांगायचे. खरं आहे का? उत्तर आलं होतं का?
(पुणे ३०)

उत्तर : खरं आहे, आणि उत्तरही आलं होतं. टिळक १९१८ च्या अखेरीला लंडनमध्ये होते, चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी (तो फेब्रुवारी १९१९ ला हरले). इकडे डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं सुचवली. इंग्रज सरकार कशाला पाठवतंय, भारताच्या नावाने गेले माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराज. टिळकांना पॅरिसला जायची परवानगीच मिळाली नाही. तर जानेवारी १९१९ ला त्यांनी विल्सनला लिहिलं की जगाची सगळी आशा तुमच्यावर आहे, भारताला तुमचं स्वयंनिर्णयाचं तत्त्व लावा. विल्सनच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं, गोड, की भारताच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी संबंधितांकडून विचारात घेतला जाईल. सरकारी भाषेत "योग्य वेळी" म्हणजे काय हे मंडालेला सहा वर्षं काढून आलेल्या माणसाला कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण म्हणून काय लिहायचं सोडायचं? मार्चमध्ये त्यांनी फ्रान्सच्या क्लेमेन्सोंनाही लिहिलं.

टिळक एकटे नव्हते. त्याआधी १९१७ मध्ये मद्रास हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती सुब्रमण्य अय्यर यांनी विल्सनला पत्र धाडलं, त्यावरून लंडनला एवढा थयथयाट झाला की त्यांनी आपली "सर" ही पदवीच परत केली. न्यूयॉर्कला लाला लजपत राय आणि हुबळीकडचे डॉ. ना. सु. हर्डीकर होमरूल लीगचं ऑफिस चालवत होते. या सगळ्यांना विल्सन भोळेपणाने देव वाटत होता असं आपल्याकडे लिहितात, मला ते पटत नाही. त्याने जगासमोर शब्द दिला होता, तो त्याच्यावरच वापरायचा हे पक्कं राजकारण होतं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. ८ जानेवारी १९१८ ला चौदा कलमं, त्यातलं पाचवं वसाहतींचं, म्हणजे तिथल्या लोकांच्या हिताला राज्यकर्त्या सरकारच्या दाव्याइतकंच वजन. इतकंच, राज्यकर्त्याइतकंच! आणि त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात याच सरकारने गदरवाल्या भारतीयांवर खटला चालवलेला होता, नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८. गुन्हा काय, तर अमेरिकेच्या भूमीवरून ब्रिटिश राज्याविरुद्ध कट.

पॅरिसमध्ये पुढे इजिप्तच्या स्वातंत्र्याचे नेते झगलूल यांना पोचताच बातमी मिळाली की अमेरिकेने ब्रिटिशांचं तिथलं संरक्षक राज्य मान्य केलंय. ११ एप्रिल १९१९ ला जपानने वांशिक समतेचं वाक्य राष्ट्रसंघाच्या मसुद्यात घाला असा प्रस्ताव ठेवला, १७ पैकी ११ मतं बाजूने पडली, अध्यक्षस्थानी विल्सन, तो म्हणाला एकमत नाही म्हणून नामंजूर. बाकीचे काही निर्णय बहुमताने चालले होते पण हा नाही चालला.

प्रश्न : अमेरिकन सगळे एका माळेचे मणी. तुम्ही उगाच "वाद होता, वाद होता" लिहिता. कुणी केला विरोध?
(युनियन कार्यकर्ता, परळ)

उत्तर : साहेब, भरपूर लोकांनी केला आणि किंमत मोजून केला. १८९८ ला बोस्टनमध्ये साम्राज्यविरोधी लीग निघाली ती फिलिपीन्स घेण्याच्या विरोधात. मार्क ट्वेन तिचे एक उपाध्यक्ष होते, जेन अ‍ॅडम्स होत्या, युनियनवाले म्हणून तुम्हाला आवडेल असे सॅम्युअल गॉम्पर्स होते, आणि कार्नेगीसारखा कारखानदार पण होता ज्याने फिलिपीन्सचं स्वातंत्र्य विकत घ्यायला दोन कोटी डॉलर देऊ केले. १८९९ ला सिनेटमध्ये फिलिपीन्स घेण्याचा स्पेनशी झालेला तह दोन तृतीयांशाच्या वर जेमतेम एका मताने पास झाला, ५७ विरुद्ध २७. यांचे सगळ्यांचे हेतू शुद्ध होते असं नाही, काहींना फक्त "तपकिरी लोक आपल्या देशात नकोत" म्हणून विरोध करायचा होता, ते पण सांगून टाकते.

विल्सनच्या काळात हैतीचं भांडं फोडलं ते जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचे. १९२० ला स्वतः हैतीत जाऊन आले आणि लेखमाला लिहिली, वेठबिगारी, बँक, सगळं नावानिशी. पुढे सिनेटची चौकशी बसली. सोशलिस्ट युजीन डेब्ज, १९१२ ला नऊ लाख मतं घेतलेले, त्यांनी जून १९१८ ला ओहायोत युद्धाविरुद्ध भाषण केलं, दहा वर्षांची शिक्षा. युद्ध संपल्यावरही विल्सनने माफी दिली नाही, तुरुंगातून १९२० ची निवडणूक लढवून त्यांनी पुन्हा नऊ लाखांवर मतं घेतली, आणि सोडलं कुणी, तर पुढच्या रिपब्लिकन हार्डिंगने.

आणि सिनेटमधले ला फॉलेट, नॉरिस, बोरा, हे घरच्या सुधारणांत विल्सनपेक्षा कमी प्रोग्रेसिव्ह नव्हते, पण राष्ट्रसंघाला त्यांनी कडाडून विरोध केला. आपल्याकडे शाळेत एवढंच शिकवतात की संकुचित सिनेटने विल्सनचं स्वप्न मोडलं. पण त्यातल्या बोरा वगैरेंचा एक मुद्दा असा होता की कलम दहाप्रमाणे सगळ्यांच्या सीमा राखायच्या म्हणजे उद्या आयर्लंड किंवा भारत उठला तर आमच्या पोरांनी ब्रिटिश साम्राज्य वाचवायला जायचं का? १९१९ ला सिनेटच्या परराष्ट्र समितीसमोर डडली फील्ड मलोन नावाचे वकील भारताची बाजू मांडायला उभे राहिले, पूर्वी विल्सनच्याच सरकारात होते, स्त्रियांच्या मताधिकारावरून राजीनामा दिलेला. ज्या व्हर्सायच्या तहात (राष्ट्रसंघ त्याचाच भाग) भारताच्या स्वयंनिर्णयाला जागा नव्हती त्याच्या विरोधकांच्या सभागृहात भारताचं नाव निघालं. १९ मार्च १९२० ला तह शेवटचा पडला, ४९-३५, दोन तृतीयांशाला सात मतं कमी.

प्रश्न : आजच्या काळातलं उदाहरण द्या ना, जुनं किती दिवस उगाळणार?
(नाव नको, ठाणे)

उत्तर : ओबामा. ऑक्टोबर २००९ मध्ये नोबेल जाहीर, २०१० ला घरात आरोग्य विम्याचा कायदा, २०११ ला लिबियावर काँग्रेसची मंजुरी न घेता बॉम्बहल्ले, आणि वर युक्तिवाद असा की याला कायद्याच्या अर्थाने युद्ध म्हणता येत नाही. ड्रोनचं तर विचारूच नका. माणूस वेगळा, रंग वेगळा, काळ वेगळा, पण अधिकाराचा प्रश्न विचारला की हेतू दाखवायचा, ही सवय तीच.

प्रश्न : मग हैतीतून बाहेर काढलं कुणी शेवटी? तेवढं सांगा आणि विषय संपवा.
(निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, फ्रँकलिन रूझवेल्टने, ऑगस्ट १९३४ मध्ये. आणि हा तोच, जो विल्सनच्या सरकारात नौदलाचा असिस्टंट सेक्रेटरी होता आणि १९२० ला उपाध्यक्षपदाच्या प्रचारात मोंटानामध्ये छाती फुगवून म्हणाला होता की हैतीची घटना मी स्वतः लिहिली आणि चांगली लिहिली. हार्डिंगने ते उचललं आणि भर सभेत सुनावलं की मी निवडून आलो तर कुणा असिस्टंट सेक्रेटरीला दुबळ्या शेजाऱ्यांची घटना लिहून संगिनीच्या टोकावर त्यांच्या घशात कोंबू देणार नाही. निवडून आल्यावर सैन्य मात्र त्यानेही काढलं नाही, नंतरचा प्रेसिडेंट कूलिजने नाही, हूव्हरने चौकशी समिती पाठवून तयारी केली फक्त. १९३४ ला मरीन गेले, पण कर्ज फिटेपर्यंत तिथल्या तिजोरीवरची अमेरिकन देखरेख राहिलीच, १९४७ पर्यंत.